घरी बसलेल्यांचं मत

"मास्तर, त्या नावाला हात लावू नगा."

आजीचा तो आवाज संयोगिताच्या कानात एकोणीस वर्षं राहिला होता. तिच्या लग्नाला महिनाच झाला होता आणि ती पहिल्यांदा माहेरी मळवीला आली होती. शाळेचे मास्तर मतदार यादीचा गठ्ठा घेऊन ओट्यावर बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "रंगुबाई, तुमची नात आता सांगलीची झाली. हितलं नाव कमी करून टाकू?" आजीच्या हातात सूप होतं. तांदूळ पाखडता पाखडता ती थांबली. "पोरगी दिली मी. नाव न्हाई दिलं. कागदावर तरी तिचं माहेर आसू दे की." सूप पुन्हा हलायला लागलं आणि त्याच्या तालावर ती गुणगुणली,

लेक निघाली सासरी, नाव ठेविते घरात
माज्या मैनाचं अक्षर सरकारी कागदात.

मास्तर हसले आणि नाव तसंच राहिलं. पुढं दर निवडणुकीला नवरा नारायण चिडवायचा, "राहतेस कृष्णेकाठी आणि मत मळवीच्या माळावर!" ती म्हणायची, "राहू दे. आजीनं ठेवलंय." ते नाव हीच तिची माहेरची खोली होती. आजीला जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्या खोलीला कुलूप लागलं नव्हतं.

आणि चार दिवसांपूर्वी भावजयीचा, राजनंदिनीचा फोन आला. आवाज दबका होता, मागं भांडी घासल्याचा आवाज होता.

"वन्सं, तुमचं नाव आजून हितल्याच यादीत हाय. रविवारी बाटलीचं मतदान. तुमी आला न्हाईत, तर तुमचं मत दुकानाला जाईल."

"आगं, न आल्यावर कसं जाईल?"

"तसाच कायदा हाय. यादीत बायका आठशे बारा. त्यातल्या निम्म्यापेक्षा जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरच दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या न्हाई, यादीतल्या निम्म्या. घरी बसल्या त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या." तिचा आवाज आणखी खाली गेला. "ह्यांना सांगू नका मी फोन केला म्हणून."

'ह्यांना' म्हणजे उदयसिंहला. दारूचं ते दुकान त्याचं होतं. म्हणजे संयोगिताच्या सख्ख्या भावाचं.

रविवारी सकाळी नारायणनं तिला गाडीवरून स्टँडला सोडलं. मार्चचे दिवस होते. बाजारात नवी हळद उतरली होती आणि वसंतदादांच्या वेळेपासूनच्या जुन्या पेठेतून जाताना श्वासाबरोबर पिवळा वास आत येत होता.

"भावाच्या विरोधात मत द्यायला निघालीस आणि पिशवीत त्याच्यासाठी भडंग घेतलास," नारायण म्हणाला.

"त्याला आवडतो."

"तुम्हा मळवीकरांचं काही खरं नाही." त्यानं गाडी वळवली, मग पुन्हा थांबवली. "शरयू... खरं सांगू? नको भांडूस फार. मत दे आणि ये." लग्नात ठेवलेलं नाव तो क्वचितच वापरायचा, काळजी वाटली की.

*

मळवी फाट्यावर ती उतरली तेव्हा हायवेच्या कडेला दुकानाची जुनी जागा उघडी पडलेली दिसली. पत्रे काढलेले होते. भिंतीवर रंगवलेला थंडगार ग्लास उन्हानं फिका पडला होता. सत्तावीस वर्षं ते दुकान इथं उभं होतं. उंब्रज-कराडकडं जाणारे ट्रक इथं थांबायचे. गाव आत, पाऊण मैलावर. गावातल्या बायकांना दुकान कधी दिसलं नाही आणि बायका कुणाला दिसल्या नाहीत.

आता ते गावात होतं. घराच्या अगदी समोर, जुन्या गुऱ्हाळात. तिथं पूर्वी चुलवाणावर काकवीचा वास दरवळायचा. आज मतदान म्हणून शटर खाली होतं आणि गल्ली झाडून काढल्यासारखी रिकामी होती.

उदयसिंह ओट्यावरच उभा होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा आधी खुलला, मग मिटला.

"तू कशी काय?"

"माझं नाव हाय यादीत."

"एकोणीस वर्षांत कवा मत द्यायला आली न्हाईस तू."

"कवा कुणी आडवी बाटली मागितली न्हवती, दादा." तिनं पिशवी पुढं केली. "भडंग आणलाय."

त्यानं पिशवी घेतली. ती परत करावी की ठेवावी, हे त्याला कळेना. तो ती हातात घेऊनच आत आला.

आत सोप्यात त्यांचे वडील, निवृत्त सुभेदार लालासाहेब, खुर्चीत ताठ बसले होते. बहात्तरी ओलांडली तरी मिशीची टोकं सकाळी सातला जागच्या जागी. आई, अंजना, जमिनीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं लेकीकडं पाहिलं, हात पुसून तिच्या गालावरून फिरवला आणि पुन्हा शेंगा मोडू लागली.

"बस," लालासाहेब म्हणाले. "कुणी बोलवलं तुला?"

संयोगितानं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं नाही. "आजीनं," ती म्हणाली.

"थट्टा नको. भावाच्या पोटावर पाय द्यायला सांगलीहून गाडी करून आलीस?"

"एस्टीनं आले, आबा."

उदयसिंह खाली बसला. तो मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. त्यामुळं त्याचा राग अंगावर येण्याऐवजी अंगात शिरायचा.

"संयू, एकदा माझं ऐकून घे. दुकान हायवेवर हुतं. लायसन सरकारचं, सगळं कायद्यात. मग दिल्लीच्या कोर्टानं सांगितलं, हायवेपासनं पाचशे मीटरच्या आत दारू नको, माणसं मरत्यात. बरोबर हाय, मरत्यात. मग म्हणले, ल्हान गाव आसंल तर दोनशे वीस. मी टेप घिऊन फिरलो. दोनशे वीसच्या आलीकडं कोर्ट न्हाई म्हणतंय. पलीकडं शाळा, तितनं इतकं लांब पायजे. भैरोबाचं देऊळ, तितनं इतकं. सगळं मोजून माझ्या नावावरची एकच जागा उरली, हे गुऱ्हाळ. सायबानं येऊन मोजलं, शिक्का दिला. आता ग्रामसभा म्हणती, गावात नको. बायकांचं मतदान राज्याच्या कायद्यानं. एका कायद्यानं मला हायवेवरनं उठवलं, दुसरा गावातनं उठवतोय. मग मी दुकान ठेवू कुठं? हवेत टांगू?"

"फौजेत एकाच्या वर एक आसतो," लालासाहेब म्हणाले. "नायक, हवालदार, सुभेदार. वरच्याची ऑर्डर आली की खालच्याची संपली. हितं दिल्ली एक बोलती, मुंबई एक बोलती, चावडी तिसरंच बोलती. कोण कुणाच्या वर, ते कुणी सांगावं तरी."

हे ते खऱ्या गोंधळानं बोलले. त्यांना आयुष्यभर हुकूम कळला होता. हुकमांची भांडणं कळत नव्हती.

"आनि आईक," उदयसिंह पुढं झुकला. "महिन्याभरापूर्वी कोर्टानं सैल सोडलंय. शहरागत वाढलेल्या गावाला आता अंतराची अट न्हाई, आन् कुठलं गाव तसं समजायचं, ते राज्यानं ठरवायचं. फाट्यावर वस्ती वाढलीय. मी अर्ज दिलाय. मला परत हायवेवर जायचंय, संयू! मलाबी हे दारापुढं नको हाय. पण आज बाटली आडवी झाली, तर आख्ख्या मळवीच्या हद्दीत बंद. फाटाबी आपल्याच हद्दीत. मग संपलंच. सहा म्हैने थांबा म्हणतोय मी, एवढंच."

येताना बसमध्ये संयोगितानं जे जे म्हणायचं ठरवलं होतं, त्यात हे नव्हतं. भाऊ खोटं बोलत नव्हता.

"आनि तुझं बीएड, तुझं लगीन," तो हळूच म्हणाला, "त्याच बाटलीवर झालं. तवा ती उभी का आडवी, कुणी बघितलं न्हाई."

अंजनाच्या हातातली शेंग मोडली. सोप्यात तेवढाच आवाज झाला.

*

राजनंदिनी दाराआड उभी राहून हे सगळं ऐकत होती. नणंदेनं आपलं नाव घेतलं नाही, हे तिनं मनात ठेवलं.

दुपारी जेवणं उरकली. ती पुरुषांची ताटं उचलत असताना उदयसिंह तिला म्हणाला, "तू आन् आई घरीच थांबा. कुणाला काय बोलायचं न्हाई, कुणाला अडवायचं न्हाई. भावकीतल्या बायकांनाबी मी तेवढंच सांगितलंय. नुसतं घरी बसा."

त्याच्या युक्तीत धमकी नव्हती, पैसा नव्हता. घरी बसणं हे तर बायका रोजच करतात. ते करूनच मत पडणार होतं.

तो मतदानाच्या शाळेकडं गेला आणि तिघी स्वयंपाकघरात राहिल्या. राजनंदिनीनं कपाट उघडलं. वरच्या फळीवर स्टीलच्या वाट्यांची चवड होती. कोऱ्या, एकात एक.

"बघा वन्सं."

"कसल्या गं?"

"संक्रांतीच्या. वाण आणलं हुतं, चाळीस. दरवर्साला पुरत न्हवतं, शेवटच्या बायकांना नारळ द्यायला लागायचा. ह्या वर्साला पाट मांडला, तिळगूळ काढला, आत्या नवं लुगडं नेसून बसल्या. सात जणी आल्या. त्याबी मागच्या परड्यातनं." तिनं फळीवरून बोट फिरवलं. "आमच्यावर राग न्हाई कुणाचा. पण हळदीकुंकवाला यायचं म्हंजे गुऱ्हाळापुढनं यायला लागतंय. तितं कुणाचा नवरा पडलेला, कुणाचा सासरा. आपल्याच माणसाला तसं बघून, वलांडून, आमच्या घरी कुकू लावून घ्यायला कोण यील?"

संयोगितानं एक वाटी उचलली. तळाशी घराण्याचं नाव कोरलेलं होतं.

"मला माणसं तोडून ऱ्हायचं न्हाई," राजनंदिनी म्हणाली. "ह्यांचं दुकान गेलं तर ऊस हाय, म्हशी हायत. पण ह्या वाट्या मी वर्साच्या वर्साला पुसून ठिवायच्या का?"

मग ती सासूकडं वळली. "आत्या, मी जाती मतदानाला. राग धरू नका."

अंजना चुलीपाशी बसली होती. गॅस येऊन पंधरा वर्षं झाली, तरी ती दुपारी जुन्या चुलीच्या जागीच टेकायची. "जा," ती म्हणाली. "पदर नीट घे. आन् मागच्या परड्यातनं नगं. म्होरल्या दारानं जा."

"तुमी चला की."

अंजना बोटानं जमिनीवर एक रेघ ओढत राहिली. तिच्या नावावर दुकानाचं लायसन होतं. तेव्हा लालासाहेब फौजेत होते, त्यांना धंदा करता येत नव्हता, म्हणून ते बायकोच्या नावानं काढलं. तिनं दुकान आतून कधी पाहिलं नव्हतं. फक्त मार्च आला की सही. लायसनवालीनंच शिक्का मारून आपली बाटली आडवी करायची, हे तिला कुणी सुचवलं नव्हतं. तिलाही ते सुचवून बघायचं धाडस झालं नाही.

"मी घरी हाय," ती म्हणाली.

नणंद-भावजय पुढच्या दारानं निघाल्या. मिटलेल्या शटरपुढून जाताना राजनंदिनीची पावलं सवयीनं भरभर पडू लागली. संयोगितानं तिचा हात धरला. "सावकाश. आज कुणी न्हाई."

शाळेच्या पटांगणात रांग लांब होती. पाटणहून, कोरेगावहून, पुण्याहून लेकी आल्या होत्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाचे केस पिकलेले. एकमेकींना मिठ्या मारत होत्या, रडत होत्या, हसत होत्या. "आगं, तुझंबी नाव हाय व्हय?" "आईनं काढू दिलं न्हाई!" संयोगिताला वाटलं, मळवीतल्या सगळ्याच आयांनी सुपात तांदूळ पाखडता पाखडता मास्तरांना तेच सांगितलं असणार.

रांगेच्या पलीकडं उदयसिंह उभा होता. त्यानं बायकोला पाहिलं. राजनंदिनीनं पदर सावरला, त्याच्याकडं सरळ बघितलं आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकली. त्यानं मान फिरवली. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

*

निकाल दिवेलागणीला आला.

अंजनानं तुळशीपुढं निरांजन ठेवलं आणि पायरीवरच बसली. गल्लीच्या तोंडाशी आधी बायकांचा घोळका दिसला. कुणी बोलत नव्हतं. त्यावरून तिला कळलं.

संयोगिता आत आली ती भिंतीला टेकून उभीच राहिली. "आडव्या बाटलीला तीनशे नव्व्याण्णव," ती म्हणाली. "चारशे सात लागत हुती. आठ कमी पडली."

"आन् उभीला?"

"एकतीस." ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "एकतीस, आई. आन् जिंकली तीच."

राजनंदिनी पाणी घेऊन आली. उदयसिंह मागोमाग आला. त्यानं पेढे आणले नव्हते, फटाके लावू दिले नव्हते. तो आपल्या वडिलांच्या शेजारी बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.

"तू गेलीस," तो बायकोला म्हणाला.

"गेले."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं आसतं तर तुमी नको म्हणला असता. मग तुमचं मोडून जायला लागलं असतं."

त्यानं बूट बाजूला सारले. लालासाहेबांनी घसा साफ केला. "झालं ते झालं. कायद्यानं जिंकलो. आता कुणी काय काढायचं न्हाई."

"कायद्यानं?" संयोगितानं पिशवीतून मतदार यादीची प्रत काढली. शाळेत कुणीतरी तिच्या हाती दिली होती. लाल पेनानं काही नावांवर फुल्या होत्या. "हे बघा आबा. यादीत बारा बायका मेलेल्या हायत. बारा. त्या काय उठून मतदानाला यायच्या? त्या घरी बसल्या. म्हंजे उभ्या बाटलीला." तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "आन् ही बघा. रंगुबाई. वय ब्याण्णव. आपली आजी."

तिनं यादी लालासाहेबांपुढं धरली.

"आजीनं जन्मात दारूच्या बाटलीला शिवलं न्हाई. आबांच्या फौजी कॅन्टीनची बाटली घरात आली तर ती दोन दिस जेवायची न्हाई. तिचं मत आज दुकानाला पडलं. सहा वर्सं झाली तिला जाऊन. नाव कमी करायचा अर्ज का न्हाई दिला कुणी? दादा, तू मुद्दाम..."

"मी न्हाई," उदयसिंह ताडकन म्हणाला. "देवाशपथ, संयू. मला म्हायती बी न्हवतं."

"मी न्हाई दिला," अंजना म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"मास्तर अर्ज घिऊन आलं हुतं. मी देवाच्या फळीमागं ठिवला. आत्यांनी पोरींची नावं काढू दिली न्हाईत. मग त्यांचंच नाव मी माझ्या हातानं कसं काढू? वाटलं, ऱ्हाऊ दे. कागदावर तरी घरात आसूंद्यात." तिचा आवाज चिरला नाही, फक्त खाली गेला. "मायेनं ठिवलं गं. माया आडवी यील, हे कुठं ठावं हुतं."

निरांजनाची वात वाऱ्यानं कलली आणि पुन्हा सरळ झाली. लांबून हायवेवरच्या गाड्यांची घरघर येत होती. रोजच यायची. आज ती ऐकू आली.

थोड्या वेळानं उदयसिंह उठला. भिंतीवरच्या पिशवीतून त्यानं कागद काढले. आईपुढं बसताना त्याचा स्वर मऊ होता, अपराधी होता.

"आई, आता हे बोलायची येळ न्हाई. पण महिनाअखेर आली. उद्या साताऱ्याला जायचंय, नूतनीकरणाला. तेवढी सही दे. फाट्यावर जागा मिळाली की हितनं हलवतो. तुझ्या पायाशपथ हलवतो."

त्यानं पेन उघडून तिच्या हातात दिलं. सत्तावीस मार्च ती अशीच सही करत आली होती. पहिल्या वर्षी लालासाहेबांनी बोट ठेवून जागा दाखवली होती. पुढं उदयसिंह दाखवू लागला. जागा तीच होती.

लालासाहेब म्हणाले, "कर, अंजना. अंधार पडतोय."

अंजनानं कागद गुडघ्यावर घेतला. आपलं नाव तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. दुकानाच्या कागदावर आपलं नाव किती ठसठशीत छापलंय, हे ती पहिल्यांदाच बघत होती. आज दिवसभर लोक नावांबद्दल बोलत होते. मेलेल्यांची, दिलेल्या लेकींची, घरी बसलेल्यांची.

"उदय, ह्याच्यावर माझं एकटीचंच नाव हाय न्हवं?"

"व्हय."

"दुसऱ्याच्या नावावर करायचं म्हणलं तर?"

"त्यालाबी तुझीच सही लागती, आई."

"आन् दिल्लीला कुणाला इचारायला लागतंय? गावाला?"

"न्हाई. का गं?"

तिनं पेनाला टोपण लावलं. टोपणाचा बारीकसा टक असा आवाज झाला. पेन आणि कागद तिनं त्याच्या हातावर ठेवले आणि दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटली, तो लहान असताना खाऊ देऊन मिटायची तशी.

"मी न्हाई करायची सही."

"आई..."

"आंजना!" लालासाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"बसा तुमी," ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली. हा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता, फक्त त्याला वाकायची सवय नव्हती. "आवं, तुमी पयल्यांदा कागद आणला, तवा मी चुलीपाशी हुते. तुमी म्हणला, हितं सही कर. मी केली. गाव लांब, हायवे लांब, मला काय दिसत न्हवतं. फाट्यावर कुणाचं माणूस प्यालं, कुणाचं घर बसलं, ते माझ्या दारापर्यंत येत न्हवतं. बायका हळदीकुंकवाला येत हुत्या, मी वाण देत हुते. मला वाटायचं, दिसत न्हाई म्हंजे न्हाई. आज दुपारीबी मी घरीच बसले. म्हंजे माझंबी मत बाटलीलाच पडलं."

उदयसिंह कागद हातात धरून तिच्याकडं बघत होता. "पण मी परत हायवेवर नेतोय की, आई. तुझ्या दारापुढनं जाईल ते."

अंजनानं मान हलवली आणि लेकाच्या डोळ्यांत बघून, सत्तावीस वर्षं जिभेखाली ठेवलेलं सांगितलं.

"दारापुढं नको म्हणून न्हाई रं. मला ते हायवेवर हुतं तवाबी नको हुतं."